केसभर

“दोन रेघा. एक काय ती ठरवा म्हणावं. करवत माझ्याकडे एकच आहे.”

शहाता हे कुणाला ऐकवायला बोलला नव्हता. वाळायला रचलेल्या फळ्यांच्या पलीकडे सरसाचा डबा ढवळता ढवळता तो स्वतःशीच करवादला, आणि बोलून झाल्यावर सवयीने त्याने नाक ओढलं. पण फळ्यांच्या अलीकडे, हात लांबवला तर त्याच्या खांद्याला लागेल इतक्या जवळ, उस्ता लुत्फी जमिनीवर उकिडवा बसला होता. हातातून निसटलेली पेन्सिल तो भुशात चाचपत होता. पेन्सिल लाल होती, भुसा पिवळा होता, आणि तरी ती डोळ्यांना सापडत नव्हती. शेवटी बोटांना सापडली. ती मुठीत धरून तो तसाच बसून राहिला. उठलं तर शहाताला कळणार की उस्तानं ऐकलं, आणि ते कळलं की काहीतरी बोलावं लागणार.  दोन रेघा म्हणजे काय? या कारखान्यात रेघ एकच असते. ती त्याची.

इजिप्तमधल्या दमियातच्या त्यांच्या गल्लीत घरटी एक कारखाना. कुणाकडे खुर्च्यांचे सांगाडे, कुणाकडे नक्षी, कुणाकडे पॉलिश, कुणाकडे गाद्या. पण कुठेही जा, आखणारा माणूस एकच असतो. तो मापकाठीवरच्या खुणा फळीवर उतरवतो, काटकोन धरायला गुण्या लावतो, आखणीच्या सुरीने बारीक चर पाडतो, आणि बाकीच्यांनी त्या चराबरहुकूम कापायचं, तासायचं, जोडायचं. म्हणून तर त्याला उस्ता म्हणायचं. नाहीतर करवत काय, गल्लीतलं शेंबडं पोरही चालवतं. बिघडलं तर आखणाऱ्याचं बिघडलं आणि जमलं तर सगळ्यांचं जमलं, या वाटणीत लुत्फीला कधी अन्याय वाटला नव्हता. उलट त्यात एक सुख होतं. सकाळी पहिल्या फळीवर सुरी टेकवायची, ती शेवटपर्यंत न थांबता ओढायची, आणि मग दिवसभर दहा माणसांचे हात आपण म्हणू त्या वाटेने चालताना ऐकायचे. ऐकायचे हा शब्द त्याच्या मनात आत्ता आला. पूर्वी तो ‘बघायचे’ असं म्हणाला असता.

शहाता बाहेर नळावर गेला तेव्हा तो उठला. भिंतीशी विसामच्या कपाटाच्या दारांच्या फळ्या उभ्या टेकवून ठेवल्या होत्या. विसाम त्याची एकुलती एक मुलगी. थंडी संपली की तिचं लग्न. सुताराच्या मुलीच्या कपाटाची आखणी बापानेच करायची अशी त्यांच्यात रीत आहे, आणि दाराच्या आतल्या अंगाला, जिकडे कपडे असतात तिकडे, बापाच्या सुरीची एक रेघ रंधा न फिरवता तशीच ठेवायची. पॉलिशवाल्याला हे सांगावं लागत नाही. तो आपण होऊन तेवढी जागा सोडून देतो. लुत्फीच्या बायकोच्या, इन्शिराहच्या कपाटातही तिच्या वडिलांची अशी रेघ होती. लग्नानंतरच्या वर्षांत काही बिनसलं की ती बोलायची नाही, कपाटाचं दार उघडून त्या रेघेपाशी उभी राहायची, आणि थोड्या वेळाने माहेरी जाऊन आल्यासारखी शांत होऊन स्वयंपाकाला लागायची. लुत्फीला सासऱ्यांचा हेवा वाटे. मेलेला माणूस, आणि एका चरावर अजून लेकीची समजूत काढतोय.

त्याने अंगठ्याचं नख पहिल्या फळीच्या वरच्या टोकाला टेकवलं आणि आडवं फिरवलं. नख एका चरात उतरलं. ही आपली रेघ. कडेला जरा खरबरीत, दोनदा ओढल्यासारखी. का दोनदा ओढली? आठवेना. नख पुढे सरकलं आणि पुन्हा उतरलं. दुसरा चर. बारीक, एका दमात ओढलेला, लाकडाला कुठेही न दुखावता. टोकाशी दोन्ही चर एकमेकांना इतके चिकटून होते की मधलं लाकूड नखाला जेमतेम लागत होतं. तसंच खालच्या टोकापर्यंत नख नेलं असतं तर पुढचं कळलं असतं. त्याने नेलं नाही. गुडघे दुखतात, इतकं वाकवत नाही, असं त्याने स्वतःला सांगितलं. गुडघे दुखत होते हे खरंच होतं.

मग तो फळीकडे पाठ करून उभा राहिला आणि त्याला कळेना की आपल्याला राग आलाय की भीती वाटतेय. कुणीतरी आपल्या रेघेवर रेघ मारतंय. कोण? शहाताचा हात नाही. शहाता रेघ ओढतो तेव्हा लाकूड विव्हळतं. की आपणच? सकाळी एक ओढली, दुपारी विसरलो, दुसरी ओढली? असं होऊ शकतं. परवा दोन्ही पायांत डाव्या पायाचेच जोडे घालून आपण जिन्यापर्यंत गेलो होतो. एक आपला आणि एक भावजींचा, ते जेवायला आले होते म्हणून. इन्शिराह हसली, तोही हसला, पण हसून झाल्यावर तिने जोडे उचलून शेजारी शेजारी ठेवले ते जरा जास्तच सावकाश. पण ती रेघ आपली नाही. आपल्या हाताला इतकी नाजूक रेघ आता येत नाही, हा विचार त्याच्या मनात अगदी सरळपणे येऊन बसला, आणि बसल्यावर त्याला उठवता येईना.

कारण त्याच्यापाशी एक गोष्ट होती, जी त्याने कुणाला सांगितली नव्हती. रमजानच्या थोडं आधी, नव्या पलंगाची पाठ उभी करताना त्याने ओळंबा सोडला होता. दोरीला खाली शिशाचा गोळा, गोळा डोलायचा थांबला, आणि दोरी मध्येच पोटाशी वाकली. ओळंब्याची दोरी वाकत नाही. जगात सगळं वाकेल, माणूस वाकेल, सरकार वाकेल, पण गोळा लोंबत असताना दोरी वाकायची नाही. वारा असेल म्हणून त्याने दार लावून घेतलं. दोरी वाकलेलीच. त्याने बोटांच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत हात नेला. हाताला ती सरळ होती. डोळ्यांना मधोमध एक फुगवटा, आत कुणी हवा भरल्यासारखा, आणि फुगवट्याच्या पोटात जरासं धुकं. उजवा डोळा मिटला की दोरी निमूट सरळ व्हायची. तेव्हा तो हसला होता. एक डोळा मिटून काम करणं सुताराला नवीन नाही. फळीची कड बघायला तो एरवीही एकच डोळा लावतो. म्हणून त्याने उजव्या डोळ्याला रजा दिली आणि ही गोष्ट तिथेच मिटली असं धरून चालला. मग कधीतरी डाव्यानेही तेच आरंभलं. कधी ते नेमकं सांगता येणार नाही. हळूहळू मिनार कमरेत लचकला, कॉफीच्या दुकानाचं पत्र्याचं दार आत ओढलं गेलं, टीव्हीवर बातम्या सांगणाऱ्याच्या तोंडाजागी तोंडाएवढं काहीतरी राहिलं. इन्शिराहने त्याला चष्म्याच्या दुकानात नेलं. दुकानदाराने अक्षरं वाचायला लावली, लुत्फीने मान किंचित वळवून, अक्षरांच्या बाजूला बघत, ती बरोबर वाचली. चष्मा मिळाला. चष्म्यातून फुगवटा अधिक स्वच्छ दिसू लागला, एवढाच फायदा.

बाजूला बघायचं ही युक्ती त्याची त्यानेच शोधली होती. थेट बघितलं की गोष्ट विरते. तिच्या शेजारी बघितलं की ती चोरपावलांनी कडेला येऊन उभी राहते. चहाचा पेला हवा तर साखरेच्या डब्याकडे बघायचं. इन्शिराहचा चेहरा हवा तर तिच्या कानाकडे. तिच्या कानात सोन्याची छोटी वेलची होती, लग्नातली, आणि तिच्याकडे बघत राहिलं की कडेने नाक, गाल, कपाळावरची ती आठी, सगळं हळूहळू जमायचं. पण डोळे नाही. डोळ्यांत बघायचं तर डोळ्यांकडेच बघावं लागतं. रमजाननंतर त्याने बायकोचे डोळे पाहिले नव्हते, आणि ज्या बाईशी डोळ्यांमुळे लग्न केलं तिच्याबद्दल ही गोष्ट उच्चारायला त्याच्यापाशी शब्द नव्हते.

खरंच डोळ्यांमुळे केलं होतं. लोकांना वाटायचं त्याला म्हणायचंय की सुंदर डोळे. बोलणी पक्की करायला तो तिच्या घरी गेला तेव्हा स्वतः केलेलं एक छोटं टेबल घेऊन गेला होता, मशब्बकचा पुडा त्यावर ठेवून. जिलबीसारखी ती जाळीदार मिठाई दमियातशिवाय कुठे खावी तर पश्चात्ताप होतो. सगळ्यांनी टेबलाचं कौतुक केलं. तिच्या वडिलांनी, ते आरशांच्या चौकटी करत, पायांवरून हात फिरवून मान डोलावली. इन्शिराह चहा घेऊन आली, पेले ठेवले, ओणवी होऊन क्षणभर टेबलाकडे बघत राहिली, आणि तो निघाला तेव्हा दारात, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, “मागचा डावा पाय केसभर आखूड आहे.” तो घरी गेला तो धुमसत. दुसऱ्या दिवशी काहीतरी निमित्त काढून पुन्हा आला, टेबल काचेवर ठेवलं, पायाखाली सिगारेटचा कागद सारून पाहिला. मागच्या डाव्या पायाखाली कागद गेला. बाकी तिघांखाली गेला नाही. तेव्हा त्याला बाप रे असं झालं, आणि पुढच्या शुक्रवारी निकाह लागला. पण कारखान्यात तिने कधी सुरी हातात घेतली नाही. बायकांनी घ्यायची नसते, असं कुणी म्हणालं नव्हतं, आणि घ्यावी असंही कुणी म्हणालं नव्हतं. ती जेवणाचा डबा आणायची, फळ्यांवर बसायची, एखाद्या चौकटीकडे बघून म्हणायची, “झुकली वाटतं.” आणि ती झुकलेलीच असायची.

शहाता नळावरून परत आला, हात शर्टाला पुसत. लुत्फीने बाकावरचा गुण्या उचलला, जणू त्याच्याकडेच बघतोय असं, आणि खिडकीकडे तोंड करून विचारलं की काय रे, माझी रेघ कशी येते हल्ली.

शहाता वीस-बावीस वर्षांचा होता तेव्हापासून इथेच होता, आता त्याच्या मिशीत पांढरं होतं. त्याने बोटाने सरसाच्या डब्याची कड पुसली. मग म्हणाला, “केसभर इकडेतिकडे होतं कधी, उस्ता. लाकूड आहे. श्वास घेतं.”

केसभर. हा शब्द ऐकून लुत्फीला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचंच नवल वाटलं. केसभर म्हणजे सुताराचं काहीच नाही आणि सगळंच. केसभर फरकाने कुणाचं पोट अडत नाही. रंधा फिरवला की केस उडून जातो. माणसाने माणसाला सांगायला केसभर हे माप फार सोयीचं आहे. मग त्याच्या मनात आलं की गुण्या. अर्थात, गुण्याच असणार. मागच्या महिन्यात गुण्या बाकावरून पडला होता; आवाज त्याला आठवत होता, पितळेचा, छातीत लागलेला. पडलेला गुण्या काटकोनात राहतोच असं नाही. गुण्या खोटा झाला की त्यावर केलेलं सगळं खोटं होतं, यात माणसाचा दोष नाही. त्याने तो फडक्यात गुंडाळला आणि शहाताला सांगितलं की जरा अम्म वदीकडे जाऊन येतो, मग तसाच जेवायला घरी जाईन. शहाताने आवर्जून विचारलं की म्हणजे दुपारपर्यंत येत नाही ना. लुत्फी म्हणाला की नाही येत. हा प्रश्न त्याला रस्त्यात टोचायला लागला, खड्यासारखा, पण थांबून काढावा इतका नाही.

नदीकडून उत्तरेचा वारा येत होता, मासळीचा आणि पॉलिशच्या स्पिरिटचा एकत्र वास घेऊन. हातगाडीवर पलंगाचं सोनेरी उशापाट उभं बांधून कुणी नेत होतं. ते उशापाट लुत्फीच्या समोरून जाताना मधोमध वितळलं आणि पुढे जाऊन पुन्हा घट्ट झालं. त्याने रस्त्याच्या कडेकडेने, भिंतीला हात लावत चालायची सवय करून घेतली होती. लोकांना ती म्हाताऱ्या माणसाची ऐट वाटत असावी. गुण्या सरळ झाला की हे सगळं सरळ होईल, असा एक पोरकट हिशेब त्याच्या आत चालू होता. तो पोरकट आहे हेही त्याला कळत होतं, पण दुसरा हिशेब मांडायला मन तयार नव्हतं.

अम्म वदी आख्ख्या गल्लीचे काका होते म्हणून अम्म. गिरजाघरामागच्या बोळात, एका माणसाला उभं राहता येईल इतक्या दुकानात ते गुण्ये, आखणीच्या सुऱ्या आणि कंपास करत. शिसवी दांडा, पितळी पातं, आणि दोघांना धरून ठेवणारे तीन पितळी टाचे, त्रिकोणात. तीन टाचे त्रिकोणात म्हणजे अम्म वदी, अंधारातही कळावं. लुत्फीने गुण्या पुढे केला आणि सांगितलं की पडला होता, बघा. अम्म वदींनी तोंडाने आवाज केला, रुग्णाला बघून वैद्य करतो तसा. त्यांनी सरळ कडेची फळी घेतली, दांडा कडेला लावून सुरीने रेघ ओढली, मग गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी ओढली. दोन्ही रेघा एकावर एक बसल्या तर गुण्या खरा. फाकल्या तर जेवढ्या फाकल्या त्याच्या निम्मा खोटेपणा गुण्याचा. हे लुत्फीने घरी कितीदा करून पाहिलं होतं. एकदा रेघा बसायच्या, एकदा त्यांच्यात पोट दिसायचं, तिसऱ्यांदा एकीचा पत्ताच नसायचा. आता अम्म वदी फळीवर वाकले होते आणि लुत्फी त्यांच्या दाढीच्या बाजूला भिंतीत असलेल्या खुंटीकडे बघत होता, म्हणजे दाढी दिसेल.

अम्म वदींनी फळी उजेडाकडे धरून पाहिली. मग सुस्कारा टाकून म्हणाले की हं, आहे थोडं. त्यांनी गुण्या पकडीत अडकवला आणि कानस घेतली. किती, लुत्फीने विचारलं. “केसभर,” अम्म वदी म्हणाले. “तुझ्या वयाच्या माणसाला केसभर चालतं. माझ्या वयाच्याला तर केसही नसतात.”

लुत्फी हसला. आणि हसता हसता त्याला कानस ऐकू आली. कानशीला एक कड बिनदाताची असते, कोपऱ्यात घासताना शेजारचं पातं खरवडू नये म्हणून. दात पितळेला लागले की कानस कुरकुरते, हिरवं फळ चावल्यासारखी. बिनदाताची कड लागली की नुसती सळसळते. अम्म वदींची कानस सळसळत होती. मागे, पुढे, मागे, पुढे, मन लावून, पितळेचा एक चुकार कणही न उडवता. मध्येच त्यांनी फुंकरही मारली, न पडलेला कीस उडवायला.  म्हातारा खोटं घासतोय. गुण्यात काही नाही. काही नाही, आणि तो घासतोय, कारण लुत्फी कुठल्यातरी उत्तरासाठी आलाय आणि खरं उत्तर द्यायची त्याची छाती होत नाही. म्हणजे खरं उत्तर त्याला माहीत आहे. शहाताला माहीत आहे. दुपारपर्यंत येत नाही ना. कुणाकुणाला माहीत आहे? मशिदीत शेजारी उभा राहणारा, रांगेत आपल्या कोपराला हळूच मागे ओढणारा, त्याला? चहावाला, जो हल्ली पेला टेबलावर न ठेवता हातातच देतो?

अम्म वदींनी गुण्या पुसून परत दिला आणि चहा मागवला. लुत्फी निघतो म्हणाला तर त्यांनी दुसरा मागवला. “दमियातवाला आपण होऊन दुसरा चहा पाजतोय. सगळा देश आपल्या चिकटपणावर हसतो, तू पिऊन घे, पुन्हा हा योग नाही.” मग गुडघ्यांचं, मग अलेक्झांड्रियाच्या मुलाचं, मग हल्लीच्या पितळेचं. लुत्फीला वाटलं की आपल्याला इथे अडकवून ठेवलंय. कशासाठी ते कळेना. पण आपण दुपारी घरी जेवून आडवे होतो, त्या वेळी कारखाना आपला नसतो, हे त्याच्या मनात आलं. त्या वेळी इन्शिराह म्हणते की बहिणीकडे जाऊन येते. तिची बहीण हल्ली फारच आजारी असते. तो उठला. अम्म वदींनी त्याचा हात धरला, क्षणभर, आणि सोडला.

परत येताना त्याला वाट उलगडेना, म्हणजे वाट ठाऊक होती पण विचार तिच्यावर राहीना. गुण्या खरा आहे. गुण्या खरा तर रेघ खरी असायला हवी. पण महिनाभर आपण रेघेला पोट दिसलं की दांडा कडेपासून जरासा सुटा धरून ती सरळ करत आलोय. मापकाठीवरची खूण विरली की अंदाजाने बोट सरकवत आलोय. म्हणजे आपण सरळ रेघेला सरळ करत होतो. लहानपणी नदीत बोरूची काठी बुडवली की ती पाण्यापाशी मोडलेली दिसायची, आणि तो ती मोडून सरळ करायला जायचा. काठी खरीच मोडायची. बाप म्हणायचा की काढ बाहेर आधी, मग बघ. आता काय बाहेर काढायचं? हा विचार पुढे ढकलला तर एक शब्द यायचा होता. अर्ध्यात अडकलेल्या खणासारखा त्याने तो तिथेच सोडला.

कारखान्याचं दार लोटलेलं होतं. आत शिरायच्या आधीच त्याला आवाज आला. सुरीचा. एका दमात, लाकूड दोन्हीकडे निवांत बाजूला सरावं तसा, लांब, वरपासून खालपर्यंत, मध्ये कुठेही श्वास न घेता. असा आवाज त्याच्या हाताने एके काळी केला होता. त्याने दार ढकललं. फळीच्या एका टोकाला कुणी पट्टी दाबून धरली होती. नाक ओढलं त्यावरून तो शहाता. दुसऱ्या टोकाला गुडघ्यावर बसलेली कुणीतरी काळी, मोठी, मध्ये विरलेली आकृती. त्याने फळीच्या कोपऱ्याकडे नजर नेली, आणि कडेला सोन्याची वेलची चमकली.

शहाताच्या हाताखालची पट्टी घसरली. मग इन्शिराह म्हणाली की बहीण झोपली होती, म्हणून वाटेत इथे डोकावले, भुसा किती झालाय. शहाता म्हणाला की हो, भुसा फार झालाय. लुत्फी फळीजवळ आला, वाकला, आणि तिच्या गुडघ्याशी पडलेलं काहीतरी उचललं. छोटा गुण्या, तळहाताएवढा, बाईच्या हाताला बसेल असा. अंगठा दांड्यावर फिरला. तीन टाचे, त्रिकोणात. म्हणजे म्हाताऱ्याने हा कधीच करून दिला होता. त्याला राग यायला हवा होता. तो शोधत होता राग, पेन्सिल शोधावी तसा, आणि हाताला दुसरंच काहीतरी लागत होतं. टेबलाचा मागचा डावा पाय, सिगारेटचा कागद, चहाचे पेले ठेवून ओणवी झालेली एक मुलगी.

त्याने गुण्या तिच्या हातात परत दिला आणि फळीपाशी खाली बसला. नख वरच्या टोकाला टेकवलं. एक चर. दुसरा चर, ताजा, अजून धारदार. ही माझी, तो म्हणाला. ही तुझी.  शहाताने करवत उचलून खांद्यावर घेतली होती, पळून जायच्या तयारीत असलेल्या माणसासारखी, आणि मग बहुधा त्याला सकाळपासूनचं आठवलं.

“उस्ता,” तो अगदी हळू म्हणाला, “कुठली कापू?”

 लुत्फीचं नख दोन चरांच्या मध्ये थांबलं होतं. या फळीतून विसामच्या कपाटाचं दार व्हायचं होतं. ती कधीतरी त्या दारापाशी उभी राहणार होती, कुणावर तरी रुसून.

“इन्शिराह,” त्याने विचारलं, “किती फरक आहे?”

“केसभर असेल, उस्ता,” शहाता मध्येच बोलला.

“तुला नाही विचारलं.”

नळ ठिबकत होता. शेजारच्या कारखान्यात कुणी खिळा मारत होतं, मध्येच थांबून, पुन्हा मारत. इन्शिराहने हात पुढे केला, त्याचं मनगट धरलं, आणि त्याचं नख त्याच्याच चरातून ओढत खाली नेलं, मधल्या गाठीवरून, आणखी खाली, सकाळच्या फळीवर तो जिथे गेला नव्हता तिथपर्यंत. मग त्याचं बोट आडवं धरून तिने ते दोन चरांच्या मध्ये ठेवलं. ते तिथे चपखल बसलं.

“बोटभर,” ती म्हणाली. “वर केसभर आहे, खाली बोटभर. रमजानपासून तुम्ही माझ्या कानाशी बोलताय, लुत्फी. तुम्हाला दिसत नाही.” तिने त्याचं मनगट सोडलं नाही. “शहाता, माझी काप. त्यांची दाराच्या आत राहू दे.”